हिरव्यात घ्या, पिवळ्यात विका

या वेळच्या जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर ऊस दुसरा आहे, दूध तिसरे आहे, आणि पहिला विषय आहे शहर. काही जुन्या कार्यकर्त्यांना हे खटकले. "आपण शेतकऱ्यांची माणसे. शहरातल्या घरांशी आणि रस्त्यांशी आपला काय संबंध?" असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला फोनवर विचारले. त्यांचे गाव पुण्यापासून साठ किलोमीटरवर आहे. मी एवढेच म्हणालो, "अप्पा, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वाघोलीचा शेतकरीही हेच म्हणत होता."

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावे घेतली, २०२१ साली आणखी २३ घेतली. वाघोली त्यातलेच. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी २०१५ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाले. शहराभोवती सुमारे १७० किलोमीटरचा रिंगरोड रस्ते विकास महामंडळाने आखला, रुंदी ११० मीटर. शेतकऱ्याने हा हिशेब एकराच्या भाषेत करून पाहावा. ११० मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे ११ हेक्टर, म्हणजे सव्वासत्तावीस एकर जमीन. अप्पांच्या गावाला अजून नोटीस आलेली नाही. नोटीस आल्यावर विचार करू म्हणणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही, हरकतीची मुदत मोजायचेच काम उरते. म्हणून विषय आज घेतला आहे.

कृषी महाविद्यालयात आम्हाला जमिनीची प्रतवारी शिकवली. खोली किती, निचरा कसा, चुनखडी किती, सामू किती. खड्डा खणायचा, थर पाहायचे, माती ओली करून बोटांत चोळायची. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा वाटले, आता कोणत्याही शेताची किंमत आपण सांगू शकतो. पुण्याच्या पंचवीस-तीस किलोमीटर परिघात या विद्येचा काडीचाही उपयोग नाही, हे कळायला थोडी वर्षे लागली. तिथे जमिनीची किंमत मातीवर ठरत नाही, नगररचनेच्या नकाशावरच्या रंगावर ठरते. पिवळा रंग म्हणजे रहिवासी विभाग, हिरवा म्हणजे शेती. दोन शेतांच्या मधला बांध एक, माती एक, दोघांचे पाणी एकाच पाटाचे. पण रेघ बांधावरून गेली की अलीकडच्या आणि पलीकडच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ही रेघ कोणी ओढली, कोणाच्या सांगण्यावरून ओढली, हे दोघांनाही माहीत नसते. ज्याला माहीत असते तो रेघ ओढण्याच्या आधी येऊन विसार देऊन गेलेला असतो.

जुन्या मंडळींना धान्याची झोनबंदी आठवत असेल. ज्वारी-तांदूळ एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी. उत्पादकाच्या दारात भाव पाडलेला, गिऱ्हाइकाच्या दारात चढलेला आणि मधल्या नाक्यावर पैसे खाणारा बसलेला. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, तेव्हापासून पुढे पंचवीस-तीस वर्षे विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने राज्याच्या सीमेवर हेच सोसले. मालाची बंदी पुष्कळशी उठली. जमिनीची झोनबंदी मात्र तशीच आहे, आणि तिच्याविरुद्ध आपण कधी मोर्चा काढलेला नाही.

हिरव्या पट्ट्यातला शेतकरी जमीन विकायला निघाला तर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गिऱ्हाईक कमी म्हणजे भाव कमी, हे बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईलाही कळते. मग गिऱ्हाईक उरते कोण? ज्याच्याकडे कुठल्या तरी तालुक्यातला सातबारा आहे, दहा वर्षे थांबण्याइतका पैसा आहे, आणि प्रादेशिक योजनेचा मसुदा छापून येण्याआधी पाहण्याइतकी ओळख आहे. त्याचा सगळा धंदा चार शब्दांचा आहे : हिरव्यात घ्या, पिवळ्यात विका. यात तो घाम गाळत नाही, वीट रचत नाही. फक्त रंग बदलायची वाट पाहतो.

आता हा रंग बदलल्यावर जमिनीला जो भाव येतो तो येतो कशातून? रस्त्यातून, रेल्वेतून, नळाच्या पाण्यातून. शेजारी शहर आहे आणि तिथून इथवर यायला वाहन आहे, यातून. हा भाव शेतकऱ्याने निर्माण केला नाही, असे सरकारी अधिकारी आम्हाला ऐकवतात, आणि ते खोटे नाही. पण तो बिल्डरनेही निर्माण केला नाही आणि आमदारानेही नाही. मग तो कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यात एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिले गेले आहे. ते नीट समजून घेतले पाहिजे.

१९७० साली सिडको स्थापन झाली. मुंबईच्या खाडीपलीकडे जुळे शहर वसवायचे ठरले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ही कल्पना १९६० च्या दशकातच मांडली होती. कल्पना वाईट नव्हती. मुंबई दक्षिणेच्या टोकाला गुदमरते आहे, तर पूर्वेला दुसरे टोक तयार करू, असा विचार होता. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या शिवारातून ३४४ चौरस किलोमीटरचा पट्टा आखला गेला. भातखाचरे, मिठागरे, खारबंदिस्तीची जमीन. कसणारे आगरी, कोळी, कराडी. इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याखाली जमीन घेतली आणि भाव दिला तो भातखाचराचा.

योजनेचा आर्थिक पाया असा, की शेतीच्या भावाने घेतलेली जमीन प्लॉट पाडून शहराच्या भावाने विकायची आणि त्या फरकातून शहर उभे करायचे. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. रेल्वे यायला मात्र १९९२ उजाडले. मानखुर्द-वाशी मार्ग त्या वर्षी सुरू झाला, आणि त्याच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, रेल्वेने ३३ टक्के. सिडकोकडे पैसा कुठला? प्लॉट विकून आलेला. म्हणजे आज हार्बर लाइनने वाशीला उतरणारा प्रत्येक माणूस ज्या रुळांवरून येतो, त्यातला मोठा वाटा वाशी-तुर्भे-बेलापूरच्या शेतकऱ्याने भरलेला आहे. त्याला कोणी विचारले नाही, पावती दिली नाही, स्टेशनावर त्याच्या नावाची पाटी नाही. आपण कांदा-बटाटा घेऊन वाशी मार्केटला जातो तेव्हा ट्रक ज्या जमिनीवर उभा राहतो, तीही अशीच कोणाची तरी खाचरे होती.

जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली हे शेतकरी उठले. उरण-जासईच्या बाजूला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. या दोन आकड्यांमधले अंतर माणसे मेल्यावर आणि पिढ्या गेल्यावर कापले गेले, हे बैठकीत बोलताना विसरू नये. आणि साडेबारा टक्केवाल्यांचे काय झाले तेही विसरू नये. भूखंड मिळायला इतकी वर्षे लागली, की अनेकांनी भूखंड डोळ्यांनी पाहण्याआधीच त्याचा कागद विकून टाकला. भूखंड शेवटी पडला कागद घेणाऱ्याच्या पदरात.

आता शहराच्या बाजूने पाहू. आपल्याला वाटते, आपली जमीन स्वस्तात गेली म्हणजे शहरातल्या माणसाला तरी घर स्वस्तात मिळाले असेल. तसेही नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली शंभरातली चाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. देशातल्या सगळ्यांत श्रीमंत शहराची ही स्थिती. कारण जागा नाही, असे सांगतात. जागा होती, कुलपात होती. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी गोठवली, तेव्हा भाड्यासाठी चाळी बांधणे लोकांनी सोडून दिले. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जमीन अतिरिक्त ठरवली. गरिबांना घरे मिळतील म्हणून आणलेला हा कायदा जमीन कोर्टात अडकवून ठेवण्याच्या कामी आला. केंद्राने तो १९९९ साली रद्द केला, महाराष्ट्राने २००७ पर्यंत कवटाळून ठेवला. त्यात भर एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल या मर्यादेची. मुंबई बेटावर १.३३ आणि उपनगरात १, हा दर वर्षानुवर्षे कायम राहिला. वर चढायचे तर परवानगी, अधिमूल्य, हस्तांतरणीय हक्क. प्रत्येक पायरीवर एक टेबल, आणि प्रत्येक टेबलाचा खर्च शेवटी फ्लॅटच्या किमतीत.

शेतकऱ्याला भाव नाही आणि गिऱ्हाइकाला परवडत नाही, हे आपण कांद्याच्या बाबतीत शंभरदा सांगितले आहे. घराच्या बाबतीत अगदी तेच आहे, फक्त माल वेगळा. आणि झोपडीत राहणारा कोण? तो परका नाही. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून गेलेला चुलता, डाळिंबावर तेल्या आल्यावर कंपनीत लागलेला भाचा. चाकणला, रांजणगावला, हिंजवडीला रोजाने जाणारी आपलीच पोरे. त्यांना शहराच्या कायदेशीर फ्लॅटचा हप्ता झेपत नाही. म्हणून ती कुठे जातात? आपल्याच शेजारच्या गावात गुंठ्यावर.

गुंठेवारीवर वर्तमानपत्रांत फार नाके मुरडली जातात. अतिक्रमण, बकालपणा, वगैरे. मला ती झोनबंदीची चोरवाट दिसते. शेतकऱ्याला पिवळ्या रंगाची वाट पाहणे परवडत नाही, कामगाराला बिल्डरचा फ्लॅट परवडत नाही, मग दोघे मुद्रांकावर भेटतात. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. तो मोडून इतकी घरे झाली, की सरकारला २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, २०२१ साली त्याची मुदत वाढवावी लागली आणि २०२५ साली तुकडेबंदीच शिथिल करण्याची घोषणा विधिमंडळात करावी लागली. या सौद्यात शेतकऱ्याला बरे पैसे सुटतात. पण रस्ता सोडलेला नसतो, गटार नसते, शाळेला जागा नसते. दहा फुटांच्या बोळातून रुग्णवाहिका जात नाही. टँकर रात्री दोन वाजता येतो. आणि विकणाऱ्या गुंठामंत्र्याच्या गाडीचे हप्ते संपेपर्यंत जमीन संपलेली असते. वाट चुकीची असली तरी त्या वाटेने जाणारी माणसे खोटी नाहीत.

मग दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती जुनी आहे. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यात टी.पी. स्कीमची सोय होती. मुंबईत वांद्रे, सांताक्रूझकडे पत्त्यात अजून टी.पी.एस. लिहितात, ती अक्षरे त्या काळची. कल्पना आपल्या चकबंदीसारखी आहे. शे-दोनशे हेक्टरांचा पट्टा घ्यायचा, सगळ्यांची वेडीवाकडी शेते कागदावर एकत्र करायची, रस्ते, शाळा, बागा, गरिबांच्या घरांची जागा काढून घ्यायची आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड पाडून त्याच मालकांना वाटून द्यायची. प्रत्येकाची काही टक्के जमीन जाते, पण कोणाचीच सगळी जात नाही. राहिलेल्या भूखंडाला रस्ता लागलेला असतो. ज्याची जमीन रस्त्यात गेली तोही भागीदार, ज्याची वाचली तोही भागीदार.

हा कायदा गुजरातला आणि आपल्याला एकाच इलाख्यातून वारशाने मिळाला. गुजरातने तो वापरात ठेवला. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंगरोड पुष्कळ अंशी अशा योजनांमधून जमीन मिळवून झाला. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना अधिनियमात ही तरतूद आहे, पण कित्येक दशके ती फायलीत झोपून होती. विकास आराखड्यात आरक्षण टाकायचे आणि शेतकऱ्याला लटकत ठेवायचे, हाच खाक्या राहिला. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण परिसरात सुमारे २५० हेक्टरांची योजना हाती घेतली, तेव्हा कुठे या जिल्ह्यात लोकांना टी.पी. स्कीम हा शब्द ऐकू आला. जाता जाता : ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडून दहा वर्षे झाली आणि संपादन झालेले नाही, त्यांनी याच अधिनियमाचे कलम १२७ वाचावे. नोटीस देऊन आरक्षण उठवून घेण्याचा मार्ग त्यात आहे. तालुक्यात अशी किती प्रकरणे आहेत ते मला बैठकीत हवे आहे.

मगरपट्ट्याचे उदाहरण प्रत्येक सभेत कोणी तरी देतोच. ते खरे आहे. हडपसरच्या १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि २००० सालापासून स्वतःच शहर बांधले. जमीन विकली नाही, घरे विकली. शेतकऱ्याला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांना हे कायमचे उत्तर आहे. पण आपण स्वतःची फसवणूक करू नये. तिथे बहुतेक कुटुंबे एका भावकीची होती, सतीश मगरांसारखा माणूस पुढे होता, जमीन सलग होती आणि शहराला चिकटून होती. ज्या गावात दोन भाऊ बांधासाठी कोर्टात उभे आहेत त्या गावात उद्या कंपनी निघेल, असे मी सांगणार नाही. त्या गावाला कायद्याने आखून दिलेली स्कीमच लागेल.

आणि कायद्याची स्कीम म्हणजे सरकारचा शब्द. त्याचे मोल काय, हे आंध्रात जाऊन विचारावे. अमरावती राजधानीसाठी २०१५ साली २९ गावांच्या शेतकऱ्यांनी सुमारे ३३ हजार एकर जमीन स्वखुशीने एकत्र दिली. कृष्णेच्या काठची जमीन, वर्षभर पीक देणारी. बदल्यात कोरडवाहू एकराला १००० चौरस वार राहण्याचा आणि २५० चौरस वार व्यापारी भूखंड, शिवाय दहा वर्षे वार्षिक रक्कम. २०१९ साली सरकार बदलले. नव्या सरकारने तीन राजधान्या काढल्या, कामे थांबली. शेतात बाभळी उगवल्या. ना शेती, ना शहर. शेतकरी आणि विशेषतः बाया वर्षानुवर्षे धरण्यावर बसल्या, पायी तिरुपतीला गेल्या. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण कामे पुन्हा सुरू व्हायला २०२४ ला सरकार परत बदलावे लागले. म्हणून "जमीन एकत्र करा" एवढे म्हणणे पुरेसे नाही. अंतिम भूखंडाचा उतारा हातात पडल्याशिवाय ताबा नाही, मुदतीत रस्ता आणि पाणी आले नाही तर जमीन आपोआप परत, हे योजनेच्या मंजुरीतच छापलेले हवे. समृद्धी महामार्गासाठी आधी भागीदारीच आणली होती. शेतकऱ्यांनी ती नाकारली आणि थेट खरेदीचे रोख पैसे घेतले. त्यांना मूर्ख म्हणणारे मूर्ख आहेत. ज्याचा शब्दावर भरवसा नाही त्याच्याकडून रोख घेणे हेच शहाणपण.

रिंगरोडबद्दल एक गैरसमज पसरला आहे, की शेजारून रस्ता गेला म्हणजे जमिनीचे सोने झाले. हा रस्ता प्रवेशबंद असतो. बांधावरून थेट वर चढता येत नाही. सोने होते ते जिथे चढ-उताराचा फाटा आहे तिथे. बाकीच्यांच्या वाट्याला येतो भराव. विहीर एका बाजूला, ऊस दुसऱ्या बाजूला, आणि ट्रॅक्टरला दोन किलोमीटरचा वळसा. कोणाचे तीन कोनांचे तुकडे उरतात, ज्यात धड नांगर फिरत नाही. फाटे कुठे आणि भुयारी रस्ते कुठे हे काम सुरू होण्याआधी कळले पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना टी.पी. स्कीम लावावी, म्हणजे तीन कोनांचा तुकडा कोणाच्याच नशिबी येणार नाही.

आणि रस्ता कोणासाठी? गुलटेकडीला पहाटे माल पोचवून परतणाऱ्या पिकअपवाल्याला शहरातली कोंडी माहीत आहे. बाहेरचे ट्रक बाहेरून गेले तर त्याचे भलेच आहे, म्हणून मी रिंगरोडच्या विरोधात नाही. पण वाघोलीहून हिंजवडीला मोटारसायकलवर जाणाऱ्या पोराचे दोन तास रोज धुरात जातात, ते रस्ता रुंद करून वाचणार नाहीत. रस्ता रुंदावला की मोटारी वाढतात, मग पुन्हा रुंदावण्यासाठी आपलीच जमीन. पन्नास माणसे एका बसमध्ये बसली तर वीस-पंचवीस हात रस्ता लागतो. तीच माणसे मोटारीने निघाली तर किती लागतो, ते कोणत्याही चौकात उभे राहून पाहावे. शहर बसने आणि रेल्वेने फिरेल तितके त्याला आपले शिवार कमी लागेल. म्हणून बसचा राखीव मार्ग आणि रेल्वेची जागा नकाशातच असावी, ही मागणी शेतकऱ्याची आहे, शहरी पर्यावरणवाल्यांची एकट्याची नाही. जपानमध्ये १९१० साली ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो या माणसाने खेड्यांतून जाणारी रेल्वे काढली, रुळांच्या कडेची जमीन घेऊन हप्त्यावर घरे विकली आणि त्यातून रेल्वे चालवली. सिडकोने तेच केले. फरक एवढाच, की कोबायाशीने जमीन बाजारात विकत घेतली होती.

आता थोडे घरातले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव ठरतो तो मागच्या तीन वर्षांच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून, त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी काढून. आणि आपण खरेदीखतात काय लिहितो? मुद्रांक वाचवायला अर्धी रक्कम वर, अर्धी पिशवीत. पिशवी घेणारा निघून जातो आणि त्याने लिहिलेला भाव सगळ्या गावाच्या मोबदल्याला चिकटतो. सरकारने लुटले म्हणून आपण ओरडतो तेव्हा त्या लुटीचा पुरावा आपल्याच सहीचा असतो.

दुसरे, बहिणींचे. मुलीला वडिलार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. गावाला रिंगरोडची नोटीस आली की त्या आठवड्यात बहिणींना जेवायला बोलावतात आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे करतात. सही केली तर भाऊ राहतो, नाही केली तर माहेर तुटते. मग दावा, मग पैसे कोर्टात, मग सगळ्यांचेच वाटोळे. धनादेश सातबाऱ्यावरच्या नावाने निघतो, म्हणून नोटिशीच्या आधी बायकोचे, बहिणीचे नाव लागले पाहिजे. ज्या कार्यकर्त्याच्या घरी हे झालेले नाही त्याने बैठकीत भागीदारीवर भाषण करू नये, अशी माझी सूचना आहे.

"एक इंचही जमीन देणार नाही" ही घोषणा मीही दिली आहे. मांजरी, हडपसरसारखी पाटाची खोल काळी जमीन इमारतींखाली गेलेली पाहताना शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाच्या पोटात तुटते. पण शहराच्या डोळ्यांना हिरवे दिसावे म्हणून तोट्यातली शेती करत बसा, असे मी कोणाला सांगू? आणि ही घोषणा दिवसा देऊन रात्री विसार घेणारे आपल्यात किती, हेही मला माहीत आहे. ज्याला द्यायची नाही त्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि ज्याला द्यायची त्याला भागीदार होता आले पाहिजे. सरकार घेणार आणि आपण मोबदल्याची रांग लावणार, या दोहोंबाहेरच्या तिसऱ्या गोष्टीला विरोध करण्याचा ठराव बैठकीपुढे येईल. विकसित जमिनीतला निम्मा तरी वाटा, ताब्याआधी उतारा, मुदत चुकली तर परतावा, गावातल्या भूमिहीनांना आणि कुळांना घराची जागा, आणि योजनेचा मसुदा मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवणे, इतके त्यात आहे. वाट्याच्या आकड्यावर मतभेद होतील, ते व्हावेत.

येताना प्रत्येक तालुक्याने तीन कागद आणावेत : आपल्या भागाच्या प्रादेशिक योजनेचा नकाशा, मागच्या तीन वर्षांत नोंदलेल्या खरेदीखतांची यादी दुय्यम निबंधकाकडून, आणि ज्यांना नोटिसा आल्या आहेत त्यांचे गट नंबर. बैठक सकाळी दहाला सुरू होईल, जेवण साडेबाराला आहे. नकाशे भिंतीवर लावायचे आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे रंगीत प्रत आहे त्यांनी ती घडी न घालता गुंडाळून आणावी.